पहिला मासा कोणता?
काठावरचा गळ, बदललेले पाणी आणि हरवत चाललेली नावे

ओझर म्हटले की बाहेरच्या माणसाला द्राक्षे आठवतात आणि मिग विमाने आठवतात. विमानांचा कारखाना १९६४ सालचा. गावातून बाणगंगा वाहते, हे मात्र सांगावे लागते. नदी लहान, पाणी हंगामी, पण तिच्यावर जुने बंधारे आहेत आणि बंधाऱ्याच्या भिंतीवर हातात काठी घेऊन बसलेली दोन-चार मुले सुट्टीच्या दिवशी हटकून दिसतात. या लेखाचा विषय ती मुले आहेत. नेमके सांगायचे तर, काठावर बसून पहिल्यांदाच गळ टाकणारा नवखा माणूस.

या माणसाला इतिहास नाही, असे आपण गृहीत धरतो. मासेमारीचा इतिहास लिहिला जातो तो जाळ्यांचा, होड्यांचा, बंदरांचा. मराठीत मासेमारी म्हटले की डोळ्यांपुढे समुद्र येतो. देशावरच्या नद्यांत जाळे टाकणारा भोई आणि कोळी यांची दखल जातीजमातींच्या नोंदींत तरी घेतली गेली. काठीला दोरी बांधून बसणारा गुराखी, शाळकरी पोर, कामावरून सुटलेला मजूर यांची गणना मात्र रिकामटेकड्यांत झाली. ‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखवणे’, ‘गळ टाकून बसणे’ हे वाक्प्रचार आपण राजकारणासाठी रोज वापरतो. ते ज्या उद्योगातून आले त्याच्याकडे बघायचे राहून गेले.

गेली काही वर्षे मी या विषयाचे कागद गोळा करतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. नवख्याच्या गळाला पहिला मासा कोणता लागतो, यावरून त्या नदीचे काय झाले ते कळते. त्या माशाला तो कोणत्या नावाने ओळखतो, यावरून भाषेचे काय झाले तेही कळते. आपल्या प्रदेशात या दोन्ही गोष्टींची कागदोपत्री साखळी जवळजवळ नऊशे वर्षांची आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत तुटते आहे.

राजाने लिहिलेला धडा

साखळीचे पहिले टोक कल्याणीला आहे. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, भूलोकमल्ल, याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्या वेळी आपल्या भागात, सिन्नरच्या बाजूला, यादवांचे राज्य होते आणि हे यादव कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे ग्रंथ दूरच्या दरबारात लिहिला गेला असला, तरी त्यातले पाणी दख्खनचेच आहे.

मराठी अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ परिचयाचा आहे तो त्यातल्या मराठीच्या जुन्या खुणांमुळे आणि खाद्यपदार्थांच्या वर्णनांमुळे. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, अशी ग्रंथाची रचना. त्यांतला चौथा भाग राजाच्या विनोदांचा, म्हणजे करमणुकींचा आहे, आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केलेल्या आवृत्तीमुळे ते छापील स्वरूपात हाती आले. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहून त्यातल्या माशांची ओळख पटवण्याचा प्रयत्न केला.

हे प्रकरण वाचताना मला प्रथम जाणवली ती त्याची शिस्त. राजा शिकारीच्या बढाया मारत नाही; तो शिकवतो. आधी मासे ओळखा: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे, मध्यम, लहान कोणते. मग कोणाला काय चारायचे ते सांगतो. तिळाची पेंड, हरभऱ्याचे पीठ, शिजवलेला भात, मांस. प्रत्येक गटाची आवड निराळी. ठरलेल्या जागी आधी काही दिवस चारा टाकून माशांना त्या जागेची सवय लावायची आणि मगच गळ टाकायचा. पुढे दोरी, काठी, गळाचा लोखंडी आकडा यांची माहिती येते.

आज बंधाऱ्यावर बसलेल्या पोराला जो मोठा मुलगा शिकवतो, त्याचा क्रम वेगळा नसतो. इथे कोणता मासा आहे, तो काय खातो, कुठे खातो आणि केव्हा खातो. हत्यार सगळ्यांत शेवटी. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरची पहिली छापील पुस्तिका १४९६ सालची आणि आयझॅक वॉल्टनचा गाजलेला ग्रंथ १६५३ सालचा. सोमेश्वराचे प्रकरण पहिलीच्याही साडेतीनशे वर्षे आधीचे आहे. हे केवळ अभिमानासाठी सांगत नाही. बाराव्या शतकातल्या दख्खनी राजाला नदीकाठचे ज्ञान ग्रंथात घालण्याच्या योग्यतेचे वाटले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने ते कोणाकडून तरी ऐकले असणार. तिळाच्या पेंडीला कोणता मासा येतो, हे राजवाड्यात बसून कळत नाही.

काठ काय शिकवतो

हत्यार साधे आहे. वेळूची किंवा कुठलीही सरळ लवचिक काठी, तिला बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाला गरी. गरी म्हणजे उलटे अणकुचीदार तोंड असलेला आकडा. मासा तोंडात घेतो आणि ओढला की तो रुततो. पूर्वी दोरी सुताची असे. नायलॉन आल्यावर तिची जागा तंगुसाने घेतली. गरीच्या वर शिशाचा छोटा तुकडा, आणि त्याच्याही वर पाण्यावर तरंगेल असे काहीतरी: ज्वारीच्या ताटाचे पेर, मोरपिसाची कांडी, आता थर्माकोल. तो तुकडा नुसता थरथरला तर मासा चाखतो आहे. तिरका होऊन सरकला तर घेऊन चालला आहे. सरळ खाली गेला तर गिळला. नवखा माणूस थरथरीलाच काठी उचलतो आणि गरी रिकामी येते. हा पहिला धडा.

दुसरा धडा जागेचा. काठावरून गळ टाकणाऱ्याचा हात पोहोचतो तो काठापासून दोन-तीन वावांपर्यंत. त्यामुळे त्याला नदीचा मधला खोल डोह मिळत नाही. मिळते ती कड. पण माशांचे पुष्कळसे खाणे कडेलाच असते. बंधाऱ्याच्या भिंतीचा पायथा, पाण्यात वाकलेल्या बाभळीची सावली, लव्हाळ्याची किनार, जिथे ओढा नदीला मिळतो तिथला गढूळ-नितळ पाण्याचा सांधा, या जागा ओळखता येणे म्हणजे नदी वाचता येणे. सूर्य पाठीशी घेतला तर आपली सावली पाण्यावर पडते आणि मासा बुजतो. पाय आपटला तर जमिनीतून हादरा जातो. सकाळी आणि तिन्हीसांजेला मासा कडेला येतो, भर दुपारी खोल जातो.

तिसरा धडा आमिषाचा. गांडूळ बहुतेकांना चालते. कणकेची गोळी, शिळा भात, भाकरीचा तुकडा हे वरवर फिरणाऱ्या माशांना. मरळीसारख्या शिकारी माशाला जिवंत बेडकी किंवा लहान मासळी लागते. चौथा धडा हंगामाचा, आणि तो सर्वांत जुना. मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांना पहिला लोंढा आला की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. हेच ‘चढणीचे मासे’. ते अंडी घालायला चाललेले असतात. त्या दिवसांत हाताने, टोपलीने, लुगड्याच्या धडप्याने मासे धरल्याच्या आठवणी देशावरच्या प्रत्येक गावात सापडतील. जाणती माणसे मात्र सांगत, चढणीला धरलेला एक मासा म्हणजे पुढच्या वर्षीचे शेकडो कमी.

या धड्यांतला प्रत्येक धडा एखाद्या माशाच्या नावाशी बांधलेला आहे. ‘मासा लागला’ हे वाक्य काठावर अपुरे असते. मळ्या लागला की वाम लागली, शिंगटा लागला की मरळ, यावर पुढचे सारे ठरते. शिंगट्याचा काटा हातात घुसला तर दोन दिवस ठणका राहतो. म्हणून त्याला कुठे धरायचे ते आधी माहीत हवे. नावे हे इथे पांडित्य नसते. नाव म्हणजे त्या माशाशी कसे वागायचे याची आठवण.

कर्नलाने ऐकलेली मराठी

ही नावे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कागदावर उतरवली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याला मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पेशवाई बुडून सहाच वर्षे झाली होती. प्रदेश नवा, महसूल नवा. त्याची मोजदाद करत साइक्स गावोगाव फिरला. जमीन, पिके, लोकसंख्या यांच्या जोडीने त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. ‘दख्खनचे मासे’ हा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह छापून आला.

या निबंधाची एक गंमत आहे, आणि मराठी माणसाने ती डोळे भरून पाहावी अशी आहे. नव्या माशाला शास्त्रीय नाव द्यायचे तर लॅटिन किंवा ग्रीक शब्द घ्यायचा, नाहीतर कुणा प्रतिष्ठिताचे नाव लावायचे, असा रिवाज. साइक्सने प्रतिष्ठितांची नावे लावली, नाही असे नाही. एका अहिराला त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव दिले. पण बहुसंख्य माशांच्या बाबतीत त्याने काठावरच्या माणसाला विचारले, ‘याला काय म्हणता?’ आणि जे ऐकू आले तेच नाव कायम केले.

त्यामुळे आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयात शिंगट्याच्या एका जातीच्या बाटलीवर ‘मिस्टस शिंगटी’ असे लिहावे लागते. दख्खनी महाशीर हा ‘टॉर खुद्री’ आहे, दगडाला चिकटून राहणारा छोटा मासा ‘गारा मल्या’ आहे, गोदावरी-कृष्णेतला एक चंदेरी मासा ‘थिनिक्थिस सांडखोल’ आहे. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेल्या विचित्र माशाच्या नावात ‘नुक्ता’ आहे. कोलस, फुलुंगी, बोगट, गुंगवारी, टाकरी ही सारी नावे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आजही चालू आहेत. ‘रोहटी’ तर एका संपूर्ण प्रजातीचेच नाव झाले. इंग्रजी कानातून जाताना उच्चार मोडले. मुळा-मुठेला साइक्स ‘मोटा मोला’ लिहितो. पण मोडक्या का होईना, त्या हाका टिकल्या. जीवशास्त्राच्या नामकरणाचे नियम असे आहेत की प्रथम दिलेले नाव सहसा बदलता येत नाही. प्रजाती बदलली तरी नावाचा दुसरा भाग तोच राहतो. दख्खनच्या कुणा भोयाने दोनशे वर्षांपूर्वी उच्चारलेला शब्द अशा रीतीने जगाच्या दप्तरात पक्का झाला.

त्या भोयाचे नाव मात्र निबंधात नाही. नाव सांगणारा अनाम राहिला आणि नावांपुढे कंसात ‘साइक्स’ लागले. तरीही त्या काळाच्या मानाने साइक्सने एक गोष्ट मान्य केली होती: ज्याचे पाणी, त्याचा शब्द.

तळ्याकाठचे साहेब

पुढच्या पिढीतले साहेब मुख्यतः खेळ म्हणून गळाकडे वळले. मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाले आणि महाशीर हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिकाऱ्यांचा मानाचा मासा ठरला. थॉमसचे दुसरे पुस्तक कमी माहीत आहे, पण माझ्या विषयाला ते जवळचे आहे. १८८७ मधले ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे तळ्यांतल्या मासेमारीवरचे आहे. डोंगरातल्या नदीवर महिनाभर तळ ठोकण्याची ऐपत आणि रजा ज्याच्याकडे नाही, त्यानेही गावच्या तळ्याकाठी बसावे, असा त्याचा रोख.

याच काळात नदीवर एक नवे संकट आले. रस्ते, लोहमार्ग आणि खाणींसाठी सुरुंगाची दारू सगळीकडे पोहोचली आणि ती डोहात फेकून मासे मारण्याची युक्तीही पसरली. वनस्पतींचे विष पाण्यात कालवण्याची रीत जुनीच होती. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष या दोहोंना गुन्हा ठरवले. गळ आणि सुरुंग यांतला फरक या कायद्याने स्पष्ट केला. गळ एका वेळी एकच मासा मागतो, आणि तोही माशाच्या भुकेवर सोडून. सुरुंग डोह मागतो.

डोह राखण्याची एक देशी रीत त्याआधीपासून होती. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे आहे. तिथले मासे देवाचे. लोक त्यांना चुरमुरे टाकतात, गळ कोणी टाकत नाही. अशा डोहांतले महाशीर कायद्यापेक्षा भक्तीने जास्त वाचवले.

देवळालीची नोंद

ओझरहून तासाभराच्या वाटेवर देवळालीची छावणी आहे. १९३० च्या दशकात तिथे फ्रेझर नावाच्या अधिकाऱ्याने दारणेत आणि आसपासच्या ओढ्यांत मासे गोळा केले आणि ते कलकत्त्याला होरांकडे पाठवले. हे होरा तेच, पुढे ‘मत्स्यविनोदा’वर लिहिणारे. होरा आणि मिश्रा यांचे ‘देवळालीचे मासे’ हे निबंध १९३७ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. नाशिक जिल्ह्यातल्या पाण्याची ही माझ्या मते सर्वांत मोलाची जुनी नोंद आहे.

इथे साइक्सच्या रीतीत झालेला बदल दिसतो. दारणेतल्या एका नव्या माशाच्या नावात ‘फ्रेझरी’ आले. १९३८ मध्ये वर्णन केलेल्या दुसऱ्याच्या नावात ‘प्रेटरी’ आले. प्रेटर हे सोसायटीचे अभिरक्षक. त्या काळच्या शास्त्रीय शिष्टाचाराप्रमाणे यात गैर काही नव्हते. पण शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात ‘याला काय म्हणता?’ असे विचारले गेले होते, तिथे आता तो प्रश्न विचारण्याची गरज उरली नव्हती. संग्राहक छावणीत, तज्ज्ञ कलकत्त्यात, आणि दारणाकाठचा माणूस चित्राबाहेर.

पाणी अडले, मासे बदलले

नवख्याच्या गळाला आज काय लागते, याचे उत्तर मात्र शास्त्रज्ञांपेक्षा अभियंत्यांनी आणि मत्स्यखात्यांनी ठरवले. नाशिक हा धरणांचा जिल्हा. गोदावरी-कादवा संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात झाला, दारणा धरण १९१६ चे, गंगापूर १९६५ चे. त्यांनी शेतीला आणि शहरांना पाणी दिले. त्याविषयी तक्रार करण्याचे मला कारण नाही. पण चढणीच्या माशाला भिंत चढता येत नाही. वाहत्या, दगडाळ, थंड पाण्याचे मासे साचलेल्या, गाळाच्या, उबदार पाण्यात टिकत नाहीत.

साचलेल्या पाण्यासाठी निराळे मासे आणले गेले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची अंडी मिळवण्यात यश मिळवले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज कारखान्यासारखे तयार होऊ लागले आणि गंगेच्या खोऱ्यातले हे मासे दख्खनच्या धरणाधरणांत सोडले गेले. त्यांच्या जोडीला परदेशी कॉमन कार्प आला. आपल्या मच्छीमारांनी त्याचे ‘सायप्रिनस’ हे लॅटिन नावच उचलले. साइक्सने मराठी शब्द लॅटिनमध्ये नेले होते. इथे लॅटिन शब्द बाजारात टोपलीवर येऊन बसला.

आणि १९५२ मध्ये भारतात आला तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा. आपल्याकडे त्याची ‘चिलापी’ झाली. त्याचे वागणे नवख्याच्या सोयीचे आहे. तो कडेच्या उथळ पाण्यात राहतो, जवळजवळ काहीही खातो, थव्याने असतो आणि बोटभर वाढला की पिलावळ सुरू करतो. नर तळाशी वाटीसारखा खळगा करतो, मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पिल्ले वाचण्याचे प्रमाण मोठे. घाण पाणी, कमी प्राणवायू, उन्हाळ्याचा ताप सगळे त्याला चालते. अमेरिकेतल्या तळ्यांकाठी नवख्याला शिकवायला ‘क्रॅपी’ नावाचा तळहाताएवढा मासा सांगतात: थव्याने कडेला येतो, साध्या आमिषाला लागतो, पोराचा हुरूप टिकवतो. आपल्याकडे ती जागा चिलापीने घेतली. फरक इतकाच की क्रॅपी हा अमेरिकेचा घरचा मासा आहे.

बंधाऱ्यावर गळ टाकणाऱ्या मुलांना मी विचारत आलो आहे, ‘पहिला मासा कोणता धरलास?’ उत्तर जवळजवळ नेहमी एकच येते: चिलापी. हाच प्रश्न मी साठी-सत्तरीतल्या माणसांना विचारतो तेव्हा उत्तरे फुटतात: मळ्या, वाम, आळकुट, शिंगटा, कोळशी. कोणी खवली म्हणतो, कोणी नुसते हाताने आकार दाखवतो आणि म्हणतो, ‘नाव होतं बघा काहीतरी.’

चिलापीवर राग धरण्याचे कारण नाही. गरिबाच्या ताटात तिने प्रथिने आणली; उजनीसारख्या धरणांवर कित्येक कुटुंबे तिच्यावर जगतात. आणि आक्रमण ही एकेरी गोष्टही नसते. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण इथे १९७० च्या दशकापासून आपल्या टॉर खुद्रीची, म्हणजे साइक्सच्या खुडरीची, पैदास केली. नाहीसा होत चाललेला मासा त्यामुळे सावरला. पण त्याचे बीज देशभर सोडताना ते कावेरीतही गेले, आणि तिथल्या मूळच्या वशिंडाच्या महाशीरावर त्याने कुरघोडी केली. तो कावेरीचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त आहे. आपला खुडरी दुसऱ्याच्या नदीत चिलापी झाला. दोष माशाचा नसतो. कोणत्या पाण्यात कोण होते, याची नोंद न पाहता केलेल्या उदारपणाचा तो परिणाम असतो.

हिशेबात नसलेला रकाना

ओझरला पाण्याचा हिशेब ठेवायला शिकवावे लागत नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यांना एकत्र आणले. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, पट्टी वेळेवर भरायची. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले आणि देशभरातून लोक ते बघायला येऊ लागले. माझ्या गावाने घनमीटरमध्ये पाणी मोजले. त्या पाण्यात कोण राहते, याचा रकाना मात्र आमच्याही वहीत नव्हता.

तो रकाना का हवा, हे सांगायला आमच्याच तालुक्याचे उदाहरण पुरे. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ जाहीर झाले. बातम्या पक्ष्यांच्या आल्या, आणि ते योग्यच आहे. पण रामसरच्या नोंदीत या पाणथळाच्या अतिसंकटग्रस्त जीवांमध्ये एक मासा आहे: होरा आणि मिश्रांनी १९३८ मध्ये वर्णन केलेला तो ‘प्रेटरी’, देवळालीचा. बोटाएवढा. जगाच्या पाठीवर त्याचा पत्ता म्हणजे आपला नाशिक जिल्हा. त्या नोंदीत त्याचे बोलीतले नाव दिले आहे ‘देवळाली मिनो’. मिनो हा इंग्रजी शब्द. म्हणजे जो मासा फक्त आपल्याकडे आहे, त्याला हाक मारायला आपल्याकडे शब्द नाही. दारणेच्या आणि तिच्या ओढ्यांच्या काठी कधीकाळी तो असणार, कारण दगडाला चिकटणाऱ्या बोटभर मळ्यालाही नाव होते.

हे नाव सापडले तर कुठे सापडेल? ग्रंथालयात नाही. ज्याने लहानपणी कडेला बसून गळ टाकला, ओंजळीने मासे धरले, दगड उलटून पाहिले, त्याच्याकडेच. जाळ्याने मासे धरणाऱ्याला बाजारात विकला जाणारा मासा आठवतो. बोटभर माशाची आठवण पोरांना राहते. इगतपुरी, देवळाली, सिन्नर, निफाड या पट्ट्यातल्या साठीपुढच्या माणसांच्या पिढीबरोबर ही नावे जातील. हातात आहेत ती वर्षे थोडी आहेत.

काम अवघड नाही. साइक्सचा निबंध आणि होरांचे निबंध यांतली माशांची चित्रे घ्यायची, गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवायची आणि साइक्सने विचारला तोच प्रश्न विचारायचा: ‘याला काय म्हणता?’ उत्तर त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यायचे, गावाचे नाव आणि पाण्याचे नाव लिहायचे. आणि ज्याने सांगितले त्याची परवानगी असेल तर त्याचेही नाव लिहायचे, म्हणजे साइक्सकडून राहिलेली गोष्ट निदान आपल्याकडून राहणार नाही. माझ्या वहीत बाणगंगा आणि कादवेच्या काठची अशी एकतीस नावे जमली आहेत. त्यांपैकी काही एकाच माशाची दोन नावे असतील, काही चुकीच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलेली असतील. ती पारखायला प्राणिशास्त्र जाणणारा सोबती हवा.

आणि बंधाऱ्यावरच्या मुलांसाठी एक साधी गोष्ट. गळाला चिलापी लागली तर घरी न्यावी. खायला चांगली आहे. पण एखाद्या दिवशी वेगळेच काही लागेल: अंगावर ठिपक्यांची ओळ, तोंडाशी मिशा, किंवा दगडासारखा मळकट रंग. तेव्हा ते पिशवीत टाकण्याआधी एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवावे आणि त्याने जे नाव सांगितले ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे. सोमेश्वराने आपला धडा तिथूनच सुरू केला होता: आधी मासे ओळखा.